ज्याच्या नावानं जगभर वाईन विकली गेली, त्याला आपल्या वेलीचा खरा बाप शेवटपर्यंत कळला नाही

घरोघरी कधी ना कधी हा विषय निघतोच.

बटाटे फ्रीजमध्ये ठेवले, आठ-दहा दिवसांनी काढून काचऱ्या केल्या, तर भाजी गोडसर लागते. वरून काचऱ्या तेलात पडल्या पडल्या काळपट होतात. मग दोष जातो भाजीवाल्याकडे, त्यानंच बटाटे गोडे दिले म्हणून.

पण भाजीवाल्याची यात काही चूक नसते. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होत राहते आणि ती आतच साठते. ही गोष्ट नीट प्रयोग करून, मोजमाप घेऊन मांडली ती १८८२ मध्ये एका स्विस वनस्पतीशास्त्रज्ञानं. त्याचं नाव हर्मान म्युलर.

त्याच १८८२ साली या माणसानं अजून एक उद्योग केला. द्राक्षाच्या एका जातीचे परागकण दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकले. त्यातून जी वेल जन्माला आली तिनं पुढं शंभर वर्षांत जर्मनीपासून न्यूझीलंडपर्यंत हजारो शेतकऱ्यांचं घर चालवलं. तिच्या नावावर कोट्यवधी बाटल्या खपल्या. आणि त्याच वेलीपायी या शास्त्रज्ञाच्या नावाला पुढं बट्टाही लागला.

तर बघूया, हे सगळं झालं कसं.

बेकरीवाल्याचा पोरगा

स्वित्झर्लंडच्या ईशान्य टोकाला थुरगाऊ नावाचं कँटोन आहे. कँटोन म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखं. पलीकडं मोठं बोडेनझे सरोवर आणि सरोवरापलीकडं जर्मनी. या थुरगाऊमधल्या टेगरविलेन गावात २१ ऑक्टोबर १८५० रोजी हर्मानचा जन्म झाला. वडील बेकर होते आणि घरचा द्राक्षाशी संबंध होता. त्यामुळं पोरगा लहानपणापासून द्राक्षाच्या वेलीत वाढला.

या भागात द्राक्ष पिकवणं म्हणजे दरवर्षीचा जुगार. उन्हाळा छोटा, पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि सप्टेंबर संपला की थंडी दारात उभी. मणी पिकले तर वाईन, नाही पिकले तर आंबटढाण रस. त्यातच रेल्वे आली आणि दक्षिणेकडची स्वस्त वाईन थेट बाजारात येऊन पडायला लागली. पुढं अमेरिकेतून आलेले रोग आणि मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड यांनी उरलीसुरली कसर भरून काढली. शेतकरी बागा उपटत होते.

हर्मान आधी शिक्षक झाला. क्रॉइत्सलिंगेनच्या अध्यापक विद्यालयात शिकला, श्टाइन आम राइन या गावात काही काळ शिकवलं. पण तेवढ्यावर थांबायचं त्याच्या मनात नव्हतं. तो झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला, जे आज ईटीएच म्हणून जगात ओळखलं जातं. तिथून जर्मनीत व्युर्त्सबुर्गला. तिथं युलियुस साक्स नावाचे प्राध्यापक होते. झाड नेमकं जगतं कसं, पाणी कसं ओढतं, अन्न कसं बनवतं, याचा प्रयोग करून अभ्यास करायचा ही शिस्त ज्यांनी घालून दिली त्यातलं हे मोठं नाव. त्यांच्या हाताखाली म्युलरनं १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१८७६ मध्ये त्याला गायझेनहाइमच्या संस्थेत बोलावणं आलं. ऱ्हाईन नदीकाठची ही संस्था फळं आणि द्राक्षांच्या अभ्यासासाठी १८७२ मध्ये सुरू झाली होती. वनस्पतींच्या शरीरक्रियेचा विभाग म्युलरकडं आला.

आता एक छोटी अडचण होती. जर्मन भाषिक मुलखात म्युलर हे आडनाव म्हणजे आपल्याकडं पाटील. दगड मारला तर एखाद्या पाटलाला लागेल, तसंच. म्हणून हर्माननं आडनावापुढं आपल्या मुलखाचं नाव जोडलं. झाला म्युलर-थुरगाऊ.

थंडीच्या मागं लागलेला माणूस

गायझेनहाइममध्ये त्यानं काय काय केलं याची यादी मोठी आहे. पण त्यातला एक धागा सारखा दिसतो, तो म्हणजे थंडी.

झाड गारठून मरतं म्हणजे नेमकं काय होतं? म्युलर-थुरगाऊनं झाडांचे भाग थंड करून तापमान मोजलं. त्याला दिसलं की शून्याच्या खाली गेलं तरी आतलं पाणी लगेच गोठत नाही. ते अजून थंड होत जातं आणि मग एकदम बर्फ धरायला लागतो, तेव्हा तापमान उलट वर उडी घेतं. हा बर्फ बऱ्याचदा पेशींच्या मधल्या फटीत तयार होतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. त्यामुळं झाड गारठून मरतं म्हणजे एका अर्थानं ते आतून सुकून मरतं, असा निष्कर्ष त्यानं काढला.

बटाट्याचं काम यातूनच निघालं. बटाटा काढला तरी तो जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्यात स्टार्चची साखर बनत असते आणि श्वसनात ती जळतही असते. गारठ्यात साखर बनणं चालू राहतं, पण जळणं मंदावतं. म्हणून साखर साठते. तोच बटाटा परत उबेत ठेवला तर गोडी उतरते. आज वेफर्सच्या कारखान्यांसाठी बटाटे किती तापमानाला साठवायचे हे ठरवताना हाच हिशोब करावा लागतो.

द्राक्षाच्या पानात साखर कशी तयार होते, ती मण्यात कशी उतरते, फुलं का गळतात, यावरही त्यानं काम केलं. म्हणजे थंड मुलखातल्या शेतकऱ्याला जे जे प्रश्न पडतात, ते सगळे.

रीसलिंगचं दुखणं

गायझेनहाइम ज्या भागात येतं तो ऱ्हाईनगाऊ म्हणजे रीसलिंग द्राक्षाचा बालेकिल्ला. रीसलिंगची पांढरी वाईन म्हणजे एक नंबर. सुगंध, आंबटपणा, टिकाऊपणा, सगळं जिथल्या तिथं.

पण रीसलिंगचं एक दुखणं आहे. ते उशिरा पिकतं. पार ऑक्टोबर उजाडतो, कधी नोव्हेंबरही. नदीकाठच्या दक्षिणमुखी उतारावर ज्याची बाग आहे त्याला परवडतं. ज्याची बाग जरा वर, जरा सावलीत, त्याचं रीसलिंग हिरवंच राहतं.

याउलट सिल्वानर नावाची जात. ती लवकर पिकते, माल भरपूर देते, पण चवीला साधी.

म्युलर-थुरगाऊच्या डोक्यात आलं की रीसलिंगची चव आणि सिल्वानरचा लवकर पिकण्याचा गुण एकाच वेलीत आणता आला तर? गरीब जागेवरच्या शेतकऱ्यालाही चांगली वाईन करता येईल.

हे काम कसं चालतं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी गंमत इथंच आहे.

द्राक्षाचं फूल अगदी बारीक असतं आणि एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. ते स्वतःच स्वतःला फळवतं. म्हणून संकर करायचा तर फूल उमलायच्या आधी चिमट्यानं त्याची टोपी आणि पुंकेसर काढून टाकायचे. घडाला पिशवी बांधायची. मग योग्य वेळी दुसऱ्या जातीचे परागकण आणून लावायचे. पुन्हा पिशवी. मणी धरले की बी काढायचं, पेरायचं, आणि रोपाला फळ यायची तीन-चार वर्षं वाट बघायची. प्रत्येक बी वेगळं निघतं. भावंडं एकसारखी नसतात, तसंच. शंभरातली नव्व्याण्णव उपटून टाकायची आणि एखादी ठेवायची. ती ठेवलेली मात्र मग बियांनी वाढवत नाहीत, काडीनं वाढवतात, म्हणजे तिचे गुण जसेच्या तसे राहतात.

यात चिमटा चुकला, पिशवी फाटली, वाऱ्यानं भलतेच परागकण आले किंवा चिठ्ठी बदलली, तर बाप बदलतो. आणि फुलाकडं बघून हे कुणालाच कळत नाही.

म्युलर-थुरगाऊनं चिठ्ठीवर लिहिलं, आई रीसलिंग आणि बाप सिल्वानर.

दीडशे काड्या आणि ५८ नंबर

१८९० च्या सुमारास स्वित्झर्लंडनं आपल्या माणसाला परत बोलावलं. झुरिच सरोवराच्या काठी वेडेन्सविल इथं फळं, द्राक्षं आणि बागकामासाठी नवीन प्रयोग केंद्र आणि शाळा निघाली होती. म्युलर-थुरगाऊ तिचे संचालक झाले आणि १९२४ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त, त्या खुर्चीवर राहिले.

गायझेनहाइममध्ये लावलेल्या संकरित रोपांचं काय? १८९१ मध्ये त्यातल्या सुमारे दीडशे काड्या त्यांच्या मागोमाग वेडेन्सविलला आल्या. तिथं त्या लावल्या, वाढवल्या, तपासल्या. सहकारी हाइनरिख शेलेनबर्ग यांनी या कामात मोठा वाटा उचलला. सगळ्यात ५८ नंबरची वेल उजवी ठरली. लवकर पिकत होती, भरपूर लागत होती, फार आंबट नव्हती आणि सुगंध छान होता. तिला नाव दिलं रीसलिंग गुणिले सिल्वानर, नंबर एक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हळूहळू शेतकऱ्यांच्या बागेत गेली. १८८२ मध्ये केलेल्या संकराला बागेपर्यंत पोचायला वीस-पंचवीस वर्षं लागली. द्राक्षाच्या कामात घाई चालत नाही.

१९१३ मध्ये आउगुस्ट डेर्न नावाचे त्यांचे जुने सहकारी या वेलीची रोपं परत जर्मनीला घेऊन गेले. तिथं त्यांनी तिला सरळ निर्मात्याचं नाव देऊन टाकलं. म्युलर-थुरगाऊ. म्हणजे माणसानं गर्दीत वेगळं दिसावं म्हणून जे नाव घेतलं, ते आता वेलीला लागलं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र आजही बरेच लोक तिला रीसलिंग-सिल्वानरच म्हणतात.

वाईनवाला, पण बिनदारूचा रस विकायला लावणारा

आता इथं एक उलटी गोष्ट बघा.

ज्याचं नाव वाईनच्या बाटलीवर गेलं, त्याच माणसानं १८९६ मध्ये बिनदारूचा फळांचा रस कसा बनवायचा यावर पुस्तक लिहिलं. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये दारूचं व्यसन हा मोठा सामाजिक प्रश्न होता. सफरचंद, नाशपाती आणि द्राक्षं उदंड, पण रस काढला की दोन दिवसांत फसफसायला लागतो. मग त्याची दारूच होणार. म्युलर-थुरगाऊंनी दाखवलं की रस बाटलीत बंद करून योग्य तापमानाला तापवला तर यीस्ट मरतं आणि रस रसच राहतो. गोडीही टिकते, फळाचा स्वादही. आज आपण दुकानातून जे सफरचंदाच्या रसाचे खोके आणतो, त्या धंद्याच्या पायाभरणीत यांचं नाव घ्यावं लागतं.

दुसरं मोठं काम आंबटपणाचं. थंड मुलखातली वाईन कधी कधी इतकी आंबट असते की दात आंबतात. पण काही पिंपांतला आंबटपणा वसंत ऋतूत आपोआप उतरतो, हे शेतकऱ्यांना माहीत होतं. का उतरतो, हे माहीत नव्हतं. म्युलर-थुरगाऊंनी १८९१ मध्येच म्हटलं होतं की यामागं जिवाणू असावेत. पुढं आडोल्फ ओस्टरवाल्डर यांच्यासोबत त्यांनी ते जिवाणू शोधले आणि १९१३ मध्ये सविस्तर मांडलं. वाईनमधलं तिखट मॅलिक आम्ल खाऊन हे जिवाणू त्याचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. दह्यात असतं तेच आम्ल. आज जगातली बहुतेक लाल वाईन या टप्प्यातून जाते.

शिवाय पानं लाल करून वाळवणाऱ्या एका रोगाची बुरशी त्यांनी १९०३ मध्ये शोधून काढली.

१८ जानेवारी १९२७ रोजी वेडेन्सविलमध्येच त्यांचं निधन झालं. तेव्हा वय होतं ७६. वेल बागेत गेली होती, पण तिचा खरा बोलबाला व्हायचा होता.

ऑफ-ड्राय वाईनचं राज्य

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीला पीक हवं होतं. भरवशाचं, लवकर येणारं, भरपूर. म्युलर-थुरगाऊ वेल बरोबर त्या मापाची होती. सप्टेंबरमध्ये तोडणी, रीसलिंगला नको असलेल्या सपाट जमिनीतही उत्पादन. १९७० च्या दशकात तिनं रीसलिंगलाही मागं टाकलं आणि जर्मनीत लागवडीत पहिला नंबर पटकावला.

या वेलीची वाईन बहुतेक वेळा ऑफ-ड्राय असायची. म्हणजे काय?

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल बनवतं. सगळी साखर खाल्ली तर वाईन ड्राय, म्हणजे कोरडी. थोडी साखर राहिली तर ऑफ-ड्राय. युरोपच्या नियमात साधारणपणे लिटरला १२ ग्रॅमपर्यंत, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर १८ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन या गटात येते. आंबटपणाची अट महत्त्वाची आहे. लिंबू सरबतात साखर असूनही ते मिचमिचीत गोड लागत नाही, कारण लिंबू तिला तोलून धरतं. इथंही तोच हिशोब.

साखर राखायच्या दोन रीती. एक, वाईन आंबत असतानाच ती थंड करायची, यीस्ट गाळून काढायचं आणि काम तिथंच थांबवायचं. जुन्या काळी थंड तळघरात हिवाळा लागला की यीस्ट आपोआप झोपी जायचं, तिथूनच ही गोडी आली. दुसरी रीत म्हणजे वाईन पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि शेवटी न आंबवलेला द्राक्षाचा रस थोडा मिसळायचा.

दुसरी रीत सोपी आणि स्वस्त. तिचा अतिरेक झाला. लीबफ्राउमिल्श या नावानं गोडसर, पातळ, स्वस्त वाईन जर्मनीतून इंग्लंड-अमेरिकेत बोटीच्या बोटी भरून गेली. त्यात मोठा वाटा म्युलर-थुरगाऊ द्राक्षाचा होता. वेल माल देते म्हटल्यावर लोकांनी एकरी वाट्टेल तेवढा माल काढला. मण्यात चव उरली नाही, मग ती साखरेनं झाकली.

त्यातच १९७९ चा जानेवारी उजाडला. जर्मनीत एकदम कडाका पडला. रीसलिंगचं लाकूड कणखर, ते तगलं. म्युलर-थुरगाऊच्या बागांचं मोठं नुकसान झालं. झाड गारठून कसं मरतं हे ज्या माणसानं जगाला सांगितलं, त्याच्याच नावाची वेल गारठ्यानं मेली.

न्यूझीलंडमध्येही तेच. तिथं १९७० आणि ८० च्या दशकात ही वेल सगळ्यात जास्त होती. १९८६ मध्ये जादा पिकामुळं सरकारनं बागा उपटायला पैसे दिले, तेव्हा तिच्यावर मोठी कुऱ्हाड पडली. तिच्या जागी सोव्हिन्यॉ ब्लां आली आणि त्या देशाचं नशीब पालटलं.

वाईनचे जाणकार म्युलर-थुरगाऊ हे नाव घेऊन नाकं मुरडायला लागले. माणूस जाऊन अर्धशतक झालं होतं. बाजू मांडायला तो नव्हता.

आणि मग डीएनए आला

एक शंका जुनीच होती. या वेलीत सिल्वानरचं काहीच का दिसत नाही?

१९९० च्या दशकात द्राक्षांच्या डीएनएची तपासणी सुरू झाली. आई रीसलिंग, हे पक्कं निघालं. बाप मात्र सिल्वानर नव्हताच. आधी वाटलं तो शास्ला जातीचा असेल. अखेर २००० मध्ये नाव ठरलं, मादलेन रॉयाल. ही फ्रान्समधली लवकर पिकणारी खाण्याच्या द्राक्षाची जात.

म्हणजे ११८ वर्षं सगळं जग ज्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून होतं ती चिठ्ठीच चुकीची होती. गायझेनहाइमच्या बागेत त्या दिवशी कुठंतरी परागकणांची नाहीतर नावांची गल्लत झाली होती.

पण जरा थांबून विचार करा. म्युलर-थुरगाऊंना हवं काय होतं? रीसलिंगच्या पोटची, पण लवकर पिकणारी वेल. मादलेन रॉयाल तर सिल्वानरपेक्षाही लवकर पिकणारी. बाप चुकला, पण हवा होता तो गुण मिळाला. त्यांनी ५८ नंबर निवडला तो चिठ्ठी बघून नाही, तर वर्षानुवर्षं वेल बघून, मणी चाखून. म्हणून चिठ्ठी चुकली तरी निवड चुकली नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या एआरआय-५१६ या द्राक्षाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. कॅटावबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आलेली, लवकर तयार होणारी जात. संकर करायचा आणि मग वर्षानुवर्षं वेल पारखत बसायचं, ही वाट तीच आहे. फक्त आता बापाची खात्री डीएनए करून देतो.

आज ही वाईन कशी लागते?

आज म्युलर-थुरगाऊ वेल कमी झाली, संपली नाही. इटलीच्या दक्षिण टायरॉलमध्ये हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर, जिथं रात्री चांगल्याच गार असतात, तिथं माल मर्यादित ठेवून केलेली तिची वाईन ऐकून नाक मुरडणाऱ्यांचं तोंड बंद करते. जर्मनीत कोरड्या प्रकाराला रिवानर म्हणतात. जपानच्या होक्काइदो बेटावरही ती आहे.

ग्लास नाकाशी नेला की पांढरी फुलं, थोडं पीच, आणि जायफळाची आठवण करून देणारा हलका मस्कटी वास. चवीला आधी किंचित गोडी, मग सौम्य आंबटपणा. ही वाईन वर्षानुवर्षं राखून ठेवायची नसते. ताजी, साधारण ८ ते १० अंशाला गार करून प्यायची.

ती रीसलिंगच्या तोडीची नाही. तसा दावा करायची गरजही नाही. जिथं रीसलिंग पिकतच नाही तिथल्या माणसाला काहीतरी पिकवता यावं, एवढ्यासाठी ती जन्माला घातली होती. ते काम तिनं केलं.

बाकी, फ्रीजमधले बटाटे गोड लागले तर भाजीवाल्याशी भांडू नका. चार-आठ दिवस बाहेर ठेवा, गोडी बरीच उतरेल. हे थुरगाऊच्या म्युलरनं १८८२ मध्येच सांगून ठेवलंय.